जुने खोके, नवी शाई

समजा, नंदुरबारच्या बाजारात कोणी आपल्याला मिरचीपुडीचे एक जुने, रिकामे पाकीट दाखवले आणि "हे १९८५ सालचे आहे" असे सांगितले. कागद पिवळा पडला आहे, कडा झिजल्या आहेत. म्हणजे जुने असणारच, असे आपल्याला वाटते. पण पत्ता वाचताना 'जि. नंदुरबार' अशी अक्षरे दिसतात आणि प्रश्न तिथेच मिटतो. नंदुरबार जिल्हा धुळे जिल्ह्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. १९८५ साली पाकीट छापणाऱ्याला या जिल्ह्याचे नाव ठाऊक असणे शक्यच नव्हते.

हे उदाहरण काल्पनिक आहे, परंतु त्यामागची पद्धत खरी आहे. जुनी खेळणी जमवणाऱ्यांना ती रोज वापरावी लागते. या छंदात खेळण्याइतकेच, कित्येकदा त्याहून अधिक, मोल त्याच्या वेष्टनाला असते. कारण साधे आहे. मूल खेळणे जपते आणि खोके फाडून फेकून देते. त्यामुळे पुतळे पुष्कळ उरतात, न उघडलेली वेष्टने मात्र फार थोडी. १९७७ च्या नाताळात अमेरिकेतील केनर कंपनीचे 'स्टार वॉर्स'चे पुतळे वेळेवर तयार झाले नाहीत, तेव्हा कंपनीने चक्क पुठ्ठ्याचे एक पाकीट विकले. आत पुतळे नव्हते, पुढे ते घरपोच मिळतील असे प्रमाणपत्र होते! आज तो पुठ्ठाही संग्राह्य ठरला आहे.

आपल्याकडे १९८७ साली टायर बनवणारी एमआरएफ आणि अमेरिकेची हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल ही कंपनी काढली. तिच्या गोव्यातील कारखान्यात 'जी. आय. जो'चे पुतळे तयार झाले. त्यांपैकी काहींचे रंग अमेरिकी पुतळ्यांपेक्षा वेगळे असल्याने परदेशातले संग्राहकही ते शोधतात. मागणी आली की नक्कलही येते. पुतळा बनवायला साचा लागतो. पुठ्ठा छापायला एक स्कॅनर आणि एक प्रिंटर पुरतो. म्हणून खरा पुतळा, पण खोटे वेष्टन, अशी जोडी बाजारात येते.

ती ओळखायची कशी? पहिली परीक्षा इतिहासाची. वेष्टनावरची प्रत्येक ओळ ठरावीक काळानंतरच लिहिता येते. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. 'बॉम्बे'चे 'मुंबई' १९९५ साली झाले, 'मद्रास'चे 'चेन्नई' १९९६ साली. रुपयाचे ₹ हे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले. १९८८ च्या म्हणून सांगितलेल्या पुठ्ठ्यावर 'चेन्नई' असेल, तर पुढे भिंग घेण्याचीही गरज नाही.

दुसरी परीक्षा भिंगाची. दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरे. ऑफसेट छपाईत निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार रंगांचे ठिपके वेगवेगळ्या कोनांत बसवलेले असतात. त्यांची फुलासारखी नक्षी दिसते. बारीक काळा मजकूर मात्र एकाच काळ्या शाईने, सलग आणि रेखीव कडांचा छापलेला असतो. छापील पुठ्ठा स्कॅन करून पुन्हा छापला, तर जुन्या ठिपक्यांवर नवे ठिपके पडतात, नक्षी गढूळ होते आणि काळ्या अक्षरांच्या कडेला रंगीत कण विखुरलेले दिसतात.

तिसरी परीक्षा कागदाची. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेली द्रव्ये अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. १९८३ साली जर्मनीत 'हिटलरच्या रोजनिशा' गाजल्या, त्या खोट्या ठरण्याचे एक कारण हेच होते. कागदातले द्रव्य महायुद्धानंतरच्या काळातले निघाले. मात्र १९८० नंतरच्या पुठ्ठ्यांत अशी द्रव्ये मुळातच असू शकतात. म्हणून नुसत्या चमकण्यावरून निकाल देता येत नाही, खात्रीच्या अस्सल नमुन्याशी तुलना करावी लागते. पिवळेपणाचेही तसेच. ऊन लागलेला भाग अधिक पिवळा होतो आणि किमतीच्या चिठ्ठीखालचा फिका राहतो. चहाच्या पाण्याने आणलेले म्हातारपण असा भेद पाळत नाही.

यातले भिंग आणि दिवा नवे असले, तरी विचार जुना आहे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात पोपला मोठा प्रदेश दान दिला, असे सांगणारा एक दस्तऐवज युरोपात कित्येक शतके खरा मानला जात होता. १४४० साली लोरेन्झो वाला या इटालियन विद्वानाने त्याची भाषा तपासली. त्या काळाच्या रोमन कारभारात न बसणारे 'सत्रप' यासारखे शब्द त्याने दाखवून दिले. ते शब्द म्हणजे मिरचीच्या पाकिटावरचे 'जि. नंदुरबार'च होत.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. एक विसंगती सापडली, तर वस्तू त्या काळची नाही हे सिद्ध होते. परंतु विसंगती सापडली नाही म्हणून वस्तू अस्सल ठरत नाही. ती फक्त आतापर्यंतच्या परीक्षांत टिकलेली असते. विज्ञानातले सिद्धान्तही असेच टिकतात.

नक्कल करणे हा मुळात गुन्हा नव्हे. 'नक्कल' असे लिहून विकलेला पुठ्ठा कोणालाच फसवत नाही. तो शब्द पुसला की खरेदीदाराचे पैसे जातातच, शिवाय उद्या त्या खोक्यावरून कोणी कारखान्याचा, किमतींचा, गावाचा इतिहास लिहील, तोही चुकीचा होईल. सामान्य माणसांच्या वस्तूंचा इतिहास बखरींत सापडत नाही, तो अशा फेकून दिलेल्या कागदांवरच शिल्लक राहतो.

म्हणून वर्गात एक प्रयोग करून पाहा. मुलांना घरातले जुने डबे, काडेपेट्या, औषधांची खोकी आणायला सांगा. छापील तारीख कागदाची पट्टी लावून झाका आणि उरलेल्या मजकुरावरून साल ओळखायला लावा. कोणी जिल्ह्याचे नाव पकडेल, कोणी पिनकोड, कोणी रुपयाचे चिन्ह. "कशावरून?" हा प्रश्न मुले एकमेकांना विचारू लागली, की पट्टी काढायला हरकत नाही.