टसर पतंग

टसर पतंग (शास्त्रीय नाव: ॲन्थेरिया मायलिटा) हा सॅटर्निडी कुलातील रानटी रेशीम पतंग आहे. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ ड्रू ड्रुरी यांनी १७७३ मध्ये त्याचे वर्णन केले. झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, मध्य प्रदेश आणि पूर्व विदर्भातील पानझडी अरण्यांत तो आढळतो. तुतीवरील रेशीम पतंगाची उडण्याची शक्ती दीर्घकाळच्या पाळणुकीत नष्ट झाली आहे; टसर पतंग मात्र आजही रानातच वाढतो.

मादी पिवळसर व आकाराने मोठी, तर नर तांबूस तपकिरी असतो. चारही पंखांवर डोळ्यासारखा एकेक पारदर्शक ठिपका असतो. नराच्या पिसांसारख्या शृंगिका मादीचा गंध दुरून टिपतात. प्रौढ पतंगाला अन्न घेता येईल असे मुखावयव नसतात. अळीने साठवलेल्या अन्नावर तो जेमतेम आठवडाभर जगतो व तेवढ्यात मीलन आणि अंडी घालणे उरकतो.

जीवनचक्र

मादी साधारणतः १५० ते २५० अंडी घालते व ती ८ ते १० दिवसांत उबतात. हिरवी अळी ऐन, अर्जुन व साल या वृक्षांची पाने खाते आणि चार वेळा कात टाकते. पूर्ण वाढीनंतर तिची लांबी १० सेंमी.पेक्षा अधिक भरते. कोश विणण्यापूर्वी ती रेशमाचा मजबूत देठ तयार करून त्याचे कडे फांदीभोवती आवळते. त्यामुळे पुढे झाडाची पाने गळून पडली तरी कोश फांदीलाच लटकत राहतो. दुसऱ्या पिकाच्या कोशातील जीव हिवाळा व उन्हाळा सुप्तावस्थेत काढतो. पावसाळ्याच्या तोंडाशी पतंग कोकूनेज नावाच्या विकराने कोशाचे एक टोक मऊ करून बाहेर पडतो. असा भोक पडलेला कोश अखंड धाग्यासाठी निरुपयोगी ठरतो. त्यापासून हाताने जाडसर सूत काढतात.

राखण आणि संकलन

गडचिरोली, भंडारा, गोंदिया व चंद्रपूर जिल्ह्यांत ढिवर समाजातील कुटुंबे परंपरेने टसर उत्पादन करतात. विदर्भात या कोशाला 'कोसा' म्हणतात. अळ्या उघड्या झाडांवर सोडून दिवसभर पक्षी, मुंग्या व गांधीलमाशा यांच्यापासून जपाव्या लागतात. एका झाडाचा पाला संपला की त्या फांदीसह दुसऱ्यावर हलवतात. उझी माशीचा बंदोबस्त अधिक कठीण असतो, कारण तिची पिल्ले अळीच्या शरीरात शिरून वाढतात. पेब्रिन हा रोग अंड्यावाटे पुढील पिढीत जातो, म्हणून अंडी घातल्यावर मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करतात.

बस्तरमधील 'रैली' हा स्थानिक वाण राखणीत नीट वाढत नाही, त्यामुळे त्याचे कोश थेट सालवनातून वेचले जातात. पतंग बाहेर येण्यापूर्वीच बहुतेक कोश काढून नेल्यास अंडी घालण्यासाठी माद्या उरत नाहीत. सालवृक्षांची तोड हे त्याच्या घटीचे दुसरे कारण आहे.