आडनावांची पायवाट

दुबईत मेट्रो सुरू झाली ती ९ सप्टेंबर २००९ रोजी. त्यापूर्वी अमिरातीत उतारूंची आगगाडी नव्हतीच. देशभर मालगाड्या धावू लागल्या त्याही २०२३ साली. थंडीच्या दिवसांत आम्ही मुलांना घेऊन अल् घुबैबा स्टेशनवर उतरतो, एक दिरहम देऊन अब्र्याने खाडी ओलांडतो आणि देऱ्याच्या बाजारातून पायी अल् रास स्टेशन गाठतो. मेट्रो तेच अंतर खाडीच्या तळाखालून काही मिनिटांत कापते. पण पायी गेले म्हणजे दोन्ही काठांची ओळख होते.

असेच चालताना धाकटीने विचारले, "आपल्या गावालाही असे गाडीने आणि मग चालत जाता येते का?" त्या प्रश्नाने आम्हाला कोकणात नेले.

वाचकहो, आपली आडनावेच पाहा. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर, किहीमकर, झिराडकर, वाक्रुळकर, ताळकर! ही नुसती नावे नव्हेत, तो एका मुलखाचा नकाशा आहे. शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे आपले पूर्वज तेल घेऊन गावोगाव हिंडत. काझी सुंतेसाठी, लग्नासाठी एका गावाहून दुसऱ्या गावी जात. दावीद राहबीने धर्मशिक्षण देऊन तयार केलेल्या तिघा शिष्यांची आडनावेही झिराडकर, शापूरकर, राजपूरकर अशीच सांगतात. गावात आपली चार घरे असली तरी समाज एक राहिला, तो या जाण्यायेण्यामुळे.

आगगाडी मात्र या वाटेवर फार उशिरा आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. मुंबईच्या मशीद स्टेशनचे नाव १७९६ साली सामाजी हस्साजी दिवेकरांनी बांधलेल्या आपल्या जुन्या मशिदीवरून पडले, असे मानले जाते. पण खाडीपलीकडच्या कुलाबा जिल्ह्यातील आपल्या गावांना रूळ दिसले नाहीत. अलिबागचे सिनेगॉग १८४८ चे, पनवेलचे १८४९ चे. आणि पनवेलपुढे आपट्यापर्यंत गाडी गेली १९६६ साली, रोह्यापर्यंत १९८६ साली! तोवर बरेचसे लोक गलबताने, लाँचने, एस्टीने मुंबईला गेले होते आणि १९४८ नंतर हजारो इस्राएलला. गाव आपण रेल्वेने सोडले नाही. रेल्वे आली तेव्हा गाडीत बसणारे आपले लोक थोडेच उरले होते.

म्हणून तिचा उपयोग आता परत जाण्यासाठी करावा. रजेत मुंबईला उतरलात तर दिव्याहून वा पनवेलहून रोह्याची गाडी धरा. रोहे आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन काठांवरची जोडगावे. मधला पूल पायी ओलांडला की रोहेकर आणि अष्टमकर यांच्यातले अंतर पायांनाच कळते. दुसऱ्या दिवशी पेणला उतरा, गावात फिरा आणि एस्टीने अलिबाग गाठा. तिथे उतारूंची गाडी अजून जात नाही. इस्राएल आळी पाहून उत्तरेकडे निघालात की थळ, नवगाव, किहीम एकामागून एक लागतात. नवगावच्या किनाऱ्यालाच गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. तिथल्या स्मारकापर्यंत मोटारीने जाऊ नका. शेवटचा मैल तरी मुलांना चालवा.

ऊन टाळून हिवाळ्यात जावे, पाणी बरोबर ठेवावे आणि वाटेत भेटेल त्या म्हाताऱ्या माणसाला आपले आडनाव सांगावे. आमच्या धाकटीला आम्ही हेच उत्तर दिले आहे. या डिसेंबरात तिकिटे काढायची आहेत.