स्वस्तिक

एक प्राचीन मंगलचिन्ह. समान लांबीच्या दोन रेषा मध्यभागी काटकोनात छेदून त्यांची चारही टोके एकाच दिशेने काटकोनात वळविली असता ही आकृती सिद्ध होते. ‘सु’ (चांगले) व ‘अस्ति’ (आहे) यांपासून बनलेल्या ‘स्वस्ति’ (कल्याण असो) या शब्दावरून हे नाव आले आहे. गुरांच्या कानांवरील खुणांच्या संदर्भात पाणिनीने स्वस्तिकाचा उल्लेख केला आहे.

सिंधू संस्कृतीच्या (इ. स. पू. सु. २६००–१९००) मुद्रांवर स्वस्तिके आढळतात, ती दक्षिणावर्त व वामावर्त अशा दोन्ही प्रकारची आहेत. तथापि सिंधू लिपी उलगडलेली नसल्याने तेथील त्यांचा अर्थ निश्चित करता येत नाही. ग्रीसमधील भौमितिक शैलीच्या मृत्पात्रांवर, तसेच अमेरिकेतील आदिवासींच्या विणकामातही ही आकृती दिसते. ती काढण्यास सोपी असल्यामुळे निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाली असणे शक्य आहे.

भारतात ऐतिहासिक काळी ती मंगलसूचक ठरली. खारवेलाच्या हाथीगुंफा लेखाच्या आणि जुन्नर येथील काही लेण्यांतील लेखांच्या जोडीला स्वस्तिक कोरलेले आहे. जैन धर्मात ते अष्टमंगलांपैकी एक असून सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ यांचे लांछन आहे. त्याच्या चार भुजा देव, मनुष्य, तिर्यंच व नरक या चार गती दर्शवितात. वरील तीन बिंदू म्हणजे रत्नत्रय आणि चंद्रकोर ही सिद्धशिला होय. बौद्ध धर्माबरोबर हे चिन्ह पूर्व आशियात गेले. चीनमध्ये सम्राज्ञी वू हिने इ. स. ६९३ मध्ये त्याला ‘दहा हजार’ या अर्थाच्या अक्षराचा उच्चार दिला. जपानच्या नकाशांत ते बौद्ध मंदिराची खूण आहे. तिबेटातील बोन धर्मात वामावर्त रूप पवित्र मानतात. महाराष्ट्रात कलशावर, उंबरठ्यावर, रांगोळीत व नव्या हिशेबवहीवर कुंकवाने अथवा हळदीने स्वस्तिक काढण्याची प्रथा आहे.

आधुनिक काळात या चिन्हाच्या अर्थास कलाटणी मिळाली. हाइन्‍रिख श्लीमान याला १८७० नंतरच्या दशकात ट्रॉयच्या उत्खननात स्वस्तिकांकित वस्तू सापडल्या आणि त्यांचा संबंध तथाकथित आर्य वंशाशी जोडला गेला. ही कल्पना जर्मनीतील वंशवादी संघटनांनी उचलली. १९२० मध्ये नाझी पक्षाने लाल पार्श्वभूमीवरील पांढऱ्या वर्तुळात काळे स्वस्तिक असलेला ध्वज स्वीकारला व १९३५ मध्ये तोच जर्मनीचा राष्ट्रध्वज झाला. या ध्वजाखाली सु. साठ लाख ज्यूंची हत्या झाली. नाझी स्वस्तिक भारतीय स्वस्तिकाच्या उलट दिशेचे असते, हा समज बरोबर नाही. तेही दक्षिणावर्तच असून बहुधा ४५ अंशांनी तिरपे असते. दोहोंतील खरा भेद आकृतीचा नसून वापराचा आहे.

याचा परिणाम इतरांनाही भोगावा लागला. ॲरिझोनातील नॅव्हाहो, होपी, अपाचे व पापागो जमातींच्या प्रतिनिधींनी १९४० मध्ये आपल्या हस्तव्यवसायातून हे पारंपरिक चिन्ह वगळण्याचे जाहीर केले. जर्मनीत त्याच्या नाझी वापरास कायद्याने बंदी असून अध्यापन, संशोधन व कला यांना अपवाद आहे. २००७ मध्ये यूरोपभर बंदी घालण्याचा जर्मनीने मांडलेला विचार हिंदू संघटनांच्या विरोधानंतर मागे पडला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या २०२२ च्या कायद्याने नाझी चिन्हाचे प्रदर्शन गुन्हा ठरविताना हिंदू, बौद्ध व जैन यांचा धार्मिक वापर त्यातून वगळला. ज्यूंची वेदनादायक स्मृती आणि आशियातील जनतेची श्रद्धा या दोहोंची दखल घेण्याचा हा प्रयत्न होय.