‘थिएट्रिदम फायनल फँटसी’ : खेळ-संगीताच्या स्मृतीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत जपानमध्ये जी नवी लोकप्रिय कलारूपे उदयास आली, त्यांत व्हिडिओ गेमचे स्थान महत्त्वाचे आहे. या खेळांचा अभ्यास बहुधा तंत्रज्ञान, उद्योग किंवा बालमानस या अंगांनी केला जातो. त्यांतील संगीताकडे मात्र पार्श्वभूमीला चालणारी एक दुय्यम गोष्ट म्हणूनच पाहिले गेले. वस्तुतः एखादा खेळ संपवण्यास लागणाऱ्या चाळीस-पन्नास तासांत खेळाडू तीच धून शेकडो वेळा ऐकतो. कोणत्याही मैफलीतील श्रोत्याच्या वाट्याला एका रचनेचा एवढा दीर्घ सहवास येत नाही. अशा रीतीने मनात रुजलेल्या संगीताचे पुढे काय होते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकासही विचारात घ्यावा लागतो.

१६ फेब्रुवारी २०१२ रोजी जपानमध्ये प्रकाशित झालेला ‘थिएट्रिदम फायनल फँटसी’ हा खेळ या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. निन्टेंडो थ्रीडीएस या हातात धरून खेळावयाच्या यंत्रासाठी तो तयार करण्यात आला. १९८७ पासून चालत आलेल्या ‘फायनल फँटसी’ या भूमिकाप्रधान खेळमालिकेतील संगीत हाच त्याचा विषय आहे. प्रस्तुत निबंधात या खेळाची पार्श्वभूमी तपासणे, त्यातील रचनातत्त्व स्पष्ट करणे आणि स्मृतिजतनाचे साधन म्हणून त्याचे सामर्थ्य व मर्यादा यांचे मूल्यमापन करणे, ही तीन उद्दिष्टे ठेवली आहेत.

मालिकेच्या संगीताची जडणघडण

‘फायनल फँटसी’चा पहिला भाग स्क्वेअर या कंपनीने १८ डिसेंबर १९८७ रोजी फॅमिकॉम या यंत्रासाठी प्रकाशित केला. त्याची संकल्पना हिरोनोबु साकागुची यांची होती, तर संगीत नोबुओ उएमात्सु यांचे. उएमात्सु यांनी संगीताचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. त्यांच्या हाती असलेले साधनही अत्यंत मर्यादित होते. फॅमिकॉमच्या ध्वनियंत्रणेत सुरावटीसाठी प्रत्यक्षात तीनच वाहिन्या उपलब्ध होत्या. एकीवर मुख्य सुरावट, दुसरीवर तिची साथ आणि तिसरीवर खर्जाचा आधार, एवढ्यावरच सारा डोलारा उभा करावा लागे. वाद्यमेळाची भव्यता शक्य नसल्याने सुरावट स्पष्ट, ठसठशीत आणि चटकन लक्षात राहील अशी असणे भाग होते. साधनांच्या दारिद्र्यातून सुरावटीची श्रीमंती निर्माण झाली, असे या टप्प्याचे वर्णन करता येईल.

सुपर फॅमिकॉम या पुढील यंत्रात आठ वाहिन्या मिळाल्या आणि खऱ्या वाद्यांच्या ध्वनींचे छोटे नमुने वापरता येऊ लागले. मालिकेचा चौथा (१९९१), पाचवा (१९९२) आणि सहावा (१९९४) भाग या काळातील आहेत. सहाव्या भागात तर एक संपूर्ण ऑपेरा-प्रसंग योजलेला आहे. मानवी आवाज प्रत्यक्ष गाऊ शकत नसल्याने गायनाच्या जागी कृत्रिम स्वर आणि पडद्यावर शब्द अशी तडजोड करण्यात आली, तरीही तो प्रसंग मालिकेतील सर्वांत संस्मरणीय प्रसंगांपैकी एक ठरला. १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आलेल्या सातव्या भागाचे संगीत ध्वनिमुद्रणाच्या रूपाने प्रसिद्ध झाले, तेव्हा चार तबकड्यांवर ८५ रचना होत्या. २००१ च्या दहाव्या भागात उएमात्सु यांच्यासमवेत मासाशी हामाउझु आणि जुन्या नाकानो यांनीही संगीत दिले. उएमात्सु २००४ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. २००६ च्या बाराव्या भागाचे बहुतांश संगीत हितोशी साकिमोतो यांचे, तर २००९ च्या तेराव्या भागाचे हामाउझु यांचे आहे. म्हणजेच एका व्यक्तीची निर्मिती म्हणून आरंभ झालेले हे संगीत दोन दशकांत अनेक रचनाकारांची परंपरा बनले.

पडद्याकडून मंचाकडे

खेळातील संगीत खेळापासून स्वतंत्र करून सादर करण्याची प्रथा जपानमध्ये बरीच जुनी आहे. १९८९ मध्ये ‘फायनल फँटसी’च्या पहिल्या दोन भागांतील रचना वाद्यवृंदाद्वारे सादर झाल्या. फेब्रुवारी २००२ मध्ये टोकियोत टोकियो फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने या मालिकेच्या संगीताची मैफल केली. २००४ मध्ये लॉस एंजेलिस येथे आणि डिसेंबर २००७ मध्ये स्टॉकहोम येथे असे कार्यक्रम झाले. स्टॉकहोम येथून आरंभ झालेली, आर्नी रॉथ यांच्या संचालनाखालील ‘डिस्टंट वर्ल्ड्स’ ही मैफलमालिका पुढे अनेक देशांत पोहोचली.

या मैफलींनी खेळ-संगीतास प्रतिष्ठा दिली, हे निर्विवाद आहे. परंतु त्याबरोबरच एक महत्त्वाचा बदलही घडला. खेळताना ज्याचे हात सतत कार्यरत असत, तो खेळाडू येथे आसनावर स्वस्थ बसणारा श्रोता झाला. शिवाय तीन वाहिन्यांची मूळ धून शंभर वादकांच्या मेळात रूपांतरित झाली. स्मृतीचा गौरव झाला, पण तिचा मूळ आवाज आणि तिच्याशी जोडलेली कृती मागे पडली. ‘थिएट्रिदम’चे ऐतिहासिक महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

तालखेळांची परंपरा

या खेळाची दुसरी वंशरेषा तालखेळांची आहे. डिसेंबर १९९६ मध्ये मासाया मात्सुउरा यांचा ‘पाराप्पा द रॅपर’ प्रकाशित झाला. पडद्यावरील खुणेनुसार योग्य मात्रेवर कळ दाबणे, हे तत्त्व त्यातून लोकप्रिय झाले. त्यानंतर कोनामी कंपनीचे ‘बीटमेनिया’ (१९९७) आणि ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’ (१९९८) हे खेळ सार्वजनिक खेळगृहांत आले. पहिल्यात तबकडी फिरवणारे हात, तर दुसऱ्यात नाचणारे पाय हे खेळाचे साधन होते. २००५ मध्ये निन्टेंडो डीएस या यंत्रावर आलेल्या ‘ओसु! ताताकाए! ओएंदान’ने स्पर्शपटल आणि लेखणीसारखी कांडी यांचा तालासाठी प्रभावी उपयोग करून दाखवला. खेळगृहातील सार्वजनिक सादरीकरण अशा रीतीने तळहातावर येऊन वैयक्तिक झाले.

‘थिएट्रिदम’ची निर्मिती इंडीजझीरो या संस्थेने केली आणि प्रकाशन स्क्वेअर एनिक्सने केले. इचिरो हाझामा हे त्याचे निर्माते होते, तर तेत्सुया नोमुरा यांचा सर्जनशील मार्गदर्शक म्हणून सहभाग होता. उत्तर अमेरिका व युरोपमध्ये हा खेळ जुलै २०१२ मध्ये उपलब्ध झाला. ते मालिकेच्या पंचविसाव्या वर्धापनाचे वर्ष होते. ‘थिएटर’ आणि ‘रिदम’ या दोन शब्दांच्या संधीतून त्याचे नाव सिद्ध झाले असून, नाट्य आणि लय यांची सांगड हे त्याचे सूत्र त्या नावातच सूचित होते.

खेळाचे रचनातत्त्व

खेळाडू मालिकेतील चार पात्रांचा संच निवडतो. वरच्या पडद्यावर खुणा सरकत येतात आणि खालच्या स्पर्शपटलावर कांडीने त्यांना प्रतिसाद द्यावयाचा असतो. लाल खुणेस एक टिचकी, हिरव्या खुणेस दाबून धरणे आणि पिवळ्या खुणेस बाणाच्या दिशेने ओढणे, अशा तीनच क्रिया आहेत. प्रत्येक क्रियेचे ‘क्रिटिकल’पासून ‘मिस’पर्यंत पाच श्रेणींत मूल्यमापन होते. मात्रा चुकत गेल्या की संचाची प्राणशक्ती घटते आणि ती संपल्यास धून अर्ध्यावरच थांबते.

रचनांचे तीन प्रमुख वर्ग केलेले आहेत. युद्धसंगीतात चार पात्रांसाठी चार समांतर ओळींतून खुणा येतात आणि अचूक प्रतिसादाने शत्रूवर आघात होतो. प्रवाससंगीतात एक पात्र भूप्रदेशातून चालत राहते आणि कांडी सुरावटीच्या चढउतारानुसार वरखाली न्यावी लागते. प्रसंगसंगीतात मूळ खेळातील दृश्ये मागे उलगडत असतात आणि त्यांच्यावरून खुणांचा मार्ग जातो. पहिल्या ते तेराव्या अशा प्रत्येक भागासाठी आरंभ, प्रवास, युद्ध, प्रसंग आणि समाप्ती असा पाच टप्प्यांचा क्रम दिलेला आहे.

येथे एक मूलभूत उलटापालट झालेली दिसते. मूळ भूमिकाप्रधान खेळात युद्ध जितका वेळ चालेल तितका वेळ युद्धधून आवर्तने घेत राहते. तिला स्वतःचा शेवट नसतो. ‘थिएट्रिदम’मध्ये मात्र धून जितकी असेल तितकेच युद्ध चालते. प्रवासाचेही तसेच आहे. पूर्वी संगीत घटनेच्या सेवेत होते, आता घटना संगीताच्या सेवेत आहे. पार्श्वभूमी पुढे आली आणि कथा मागे सरली. ज्या धुनीकडे खेळाडूने वर्षानुवर्षे अर्धवट लक्ष दिले, तिच्या प्रत्येक मात्रेकडे त्यास पूर्ण लक्ष द्यावे लागते. आरंभीच्या भागांतील रचना वाद्यवृंदाच्या वेषात न आणता त्यांच्या मूळ, साध्या आवाजातच ठेवल्या आहेत, हीही नोंद घेण्याजोगी बाब आहे. मैफलीने जे दोन घटक गमावले होते, म्हणजे मूळ ध्वनी आणि हाताची कृती, ते दोन्ही या खेळाने परत मिळवून दिले.

निवड आणि वगळणूक

कोणताही संग्रह निवडीवाचून सिद्ध होत नाही, आणि प्रत्येक निवड हे एक ऐतिहासिक विधान असते. पाच टप्प्यांच्या क्रमात १९८७ च्या अल्पसाधन पहिल्या भागास आणि ८५ रचनांच्या सातव्या भागास सारखीच जागा मिळते. प्रमाणाच्या दृष्टीने हे विषम वाटले, तरी परंपरेतील प्रत्येक पायरीस समान मान देणारी दृष्टी त्यामागे दिसते. क्रमाबाहेरील रचना धरून खेळात सत्तरहून अधिक धुनी होत्या, तर आणखी काही स्वतंत्र मूल्य देऊन निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानातून उतरवून घ्याव्या लागत. २०१० मध्ये आरंभ झालेला चौदावा भाग मात्र या क्रमात नव्हता.

दुसरी मर्यादा आशयाची आहे. प्रसंगसंगीताचा पूर्ण परिणाम होण्यासाठी तो प्रसंग आधी अनुभवलेला असावा लागतो. ज्याने सहावा भाग खेळलेला नाही, त्याला ऑपेऱ्याची धून केवळ एक सुंदर धून वाटेल. तिच्यामागील कथा हा खेळ सांगत नाही. म्हणून ‘थिएट्रिदम’ला इतिहासग्रंथ म्हणता येत नाही. स्मरण करून देणे हे त्याचे कार्य आहे. स्मरण त्यालाच होते, ज्याच्यापाशी आधीची स्मृती आहे.

उत्तरकाल आणि जतनाचा प्रश्न

२०१४ मध्ये ‘कर्टन कॉल’ हा पुढील भाग आला. त्यात २२१ रचना होत्या आणि कांडीबरोबरच कळांनी खेळण्याची सोयही होती. २०१५ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या दुसऱ्या मालिकेवर आधारलेला भाग जपानमध्ये प्रसिद्ध झाला. १६ फेब्रुवारी २०२३ रोजी, म्हणजे पहिल्या प्रकाशनानंतर बरोबर अकरा वर्षांनी, निन्टेंडो स्विच आणि प्लेस्टेशन फोर यांसाठी ‘फायनल बार लाइन’ प्रकाशित झाला. त्यातील मूळ रचनांची संख्या ३८५ आहे. संख्येच्या दृष्टीने ही वाढ मोठी आहे. परंतु हा भाग कांडीने खेळला जात नाही. कांडीने सुरावटीचा चढउतार जणू कागदावर रेखावा तसा रेखण्याची कृती त्यात उरली नाही. संग्रह वाढला, पण त्याला स्पर्श करण्याची एक रीत लोप पावली.

त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, २७ मार्च २०२३ रोजी, थ्रीडीएस यंत्राच्या ऑनलाइन दुकानातील विक्री बंद झाली. पहिल्या खेळासाठी स्वतंत्रपणे विकल्या गेलेल्या रचना तेव्हापासून नव्याने विकत घेता येत नाहीत. पंचवीस वर्षांच्या संगीताची स्मृती जपण्यासाठी सिद्ध झालेला संग्रह स्वतःच अकरा वर्षांत अपूर्ण अवस्थेत गेला. फॅमिकॉमची १९८७ ची कॅसेट जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळू शकते आणि यंत्र चालू असेल तर वाजूही शकते. २०१२ च्या अतिरिक्त धुनीला मात्र असे हातात धरता येईल असे रूपच नव्हते. अंकीय युगातील दस्तऐवजांच्या जतनाचा प्रश्न किती तातडीचा आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, ‘थिएट्रिदम फायनल फँटसी’ हा खेळ-संगीताची मैफल-परंपरा आणि तालखेळांची परंपरा या दोन प्रवाहांचा संगम आहे. दुसरा असा की, घटना आणि संगीत यांचा क्रम उलटवून त्याने पार्श्वसंगीतास स्वतंत्र कलाकृतीचा दर्जा दिला. तिसरा निष्कर्ष असा की, मूळ ध्वनी व हस्तकृती जपल्यामुळे तो स्मृतिजतनाचे प्रभावी साधन ठरला, मात्र संदर्भकथेच्या अभावी त्याचे आवाहन पूर्वपरिचितांपुरते बहुतांशी सीमित राहिले. चौथा आणि अधिक व्यापक निष्कर्ष जतनासंबंधी आहे. जुलै २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनप्रसंगी विविध देशांच्या खेळाडूंचे संचलन सुरू असताना जे संगीत वाजवले गेले, त्यात ‘फायनल फँटसी’च्या रचना होत्या. तीन वाहिन्यांच्या यंत्रात जन्मलेल्या सुरांना एका राष्ट्राने आपले सांस्कृतिक संचित म्हणून जगापुढे मांडले. ज्या संगीतास असा मान मिळतो, त्याच्या संग्रहांचे आयुष्य एखाद्या विक्रीव्यवस्थेच्या आयुष्यावर अवलंबून असावे, ही विसंगती आहे. ग्रंथ, नाणी आणि ताम्रपट यांप्रमाणेच खेळ आणि ते चालवणारी यंत्रे यांनाही ग्रंथालये व वस्तुसंग्रहालये यांत स्थान मिळणे, ही भावी इतिहासलेखनाची गरज ठरणार आहे.