वायूची खूण आणि जीवाचा पुरावा : स्थितांबरातील भारतीय प्रयोगाच्या संदर्भात

भुईगावच्या (ता. वसई, जि. पालघर) खाजणातील चिखल ढवळला की बुडबुडे वर येतात आणि कुजक्या अंड्यासारखा दर्प सुटतो. हा दर्प हायड्रोजन सल्फाइडचा होय. त्याच चिखलात वास नसलेला मिथेनही तयार होतो. प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव हे वायू निर्माण करतात. येथे वायू आणि जीव दोन्ही एकाच मुठीत सापडतात. परग्रहाच्या बाबतीत मात्र केवळ वायूवरून जीवाचे अनुमान करावे लागते. ऑक्सिजन व मिथेन परस्परांना नष्ट करतात. तरीही ते एकत्र टिकून असतील तर त्यांचा अखंड पुरवठा होत असला पाहिजे, असा विचार जेम्स लव्हलॉक यांनी १९६० च्या दशकात मांडला.

आयुका, पुणे येथील डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनी वेगळा मार्ग धरला. फ्रेड हॉईल व चंद्रा विक्रमसिंघे यांच्या मते जीवाणू अंतराळातून पृथ्वीवर येत असावेत. तसे असेल तर वरची हवाच खाली आणून तपासावी, हा नारळीकरांचा सरळ विचार होता. जानेवारी २००१ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून इस्रोच्या साहाय्याने फुगे सोडण्यात आले. द्रवरूप निऑनने थंड केलेल्या निर्जंतुक पोलादी नळ्यांत ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा झाली. हैदराबाद व पुणे येथील प्रयोगशाळांत दुसऱ्या खेपेच्या नमुन्यांतून जीवाणूंच्या १२ व बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. मार्च २००९ मध्ये तीन नव्या प्रजाती जाहीर झाल्या. हॉईल, इस्रो आणि आर्यभट यांची नावे त्यांना मिळाली.

अतिनील किरणांना या प्रजाती त्यांच्या पृथ्वीवरील निकटच्या नातलगांपेक्षा अधिक दाद देत नव्हत्या. तथापि त्यांचे परग्रहीय मूळ निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे इस्रोने त्याच वेळी नमूद केले. ही कबुली शोधाइतकीच महत्त्वाची मानावी लागते. जीव प्रत्यक्ष हाती असूनही तो कोठून आला हे सांगता आले नाही. मग दूरच्या वायूवरून काय सांगावे?

मंगळयानावर (२०१३) मिथेनमापक होता, परंतु रचनेतील उणिवेमुळे त्याला मिथेन वेगळा ओळखता आला नाही. २०२० मध्ये शुक्रावरील फॉस्फीनचा दावा झाला व तो वादग्रस्त ठरला. एप्रिल २०२५ मध्ये सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूरच्या के२-१८बी या ग्रहावर डायमिथिल सल्फाइडची चाहूल लागल्याचे प्रसिद्ध झाले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सागरी प्लवकांपासून येतो. तोच वायू ६७पी या धूमकेतूवरही आढळला असून तेथे जीवसृष्टी असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जात नाही.