संकरित गाईची कुळकथा

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, माणिकगडच्या डोंगरपठारावर पसरलेला जिवतीचा मुलूख, जो पूर्वी निजामी अंमलात राजुऱ्यासह आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे, तो कोलाम, गोंड आणि मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेल्या शेतकऱ्यांचा. आणि येथील खडकाळ, कोरडवाहू शेतीचा भार बैलाच्या खांद्यावर असल्यामुळे गाईच्या कुळाचा विचार येथे केवळ दुधाच्या मापाने करता येत नाही.

संकरित गाईच्या कुळाच्या दोन्ही शाखा अतिप्राचीन आहेत. बिनवशिंडाची गाय पश्चिम आशियात माणसाळली आणि तिच्या वंशात पुढे जर्सी व होल्स्टीन निपजल्या. वशिंडाची गाय सिंधूच्या परिसरात माणसाळली आणि तिच्या वंशात वर्ध्याची चपळ गवळाऊ व चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यातील काटक कठाणी येते. या दोन वंशांचा संयोग महाराष्ट्राच्या खेड्यांत घडविण्याचे श्रेय मोठ्या अंशी मणिभाई देसाई यांनी 1967 साली उरुळीकांचन येथे स्थापिलेल्या बाएफ संस्थेस आहे; उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनात गोठविलेले परदेशी वळूचे रेत तिने गोठ्याच्या दारी पोहोचविले.

पहिल्या पिढीत दोन्ही वंशांचा वाटा समसमान असून दूध वाढते. परंतु तिच्या कालवडीस पुन्हा परदेशी रेत भरविले, की परका अंश 75 टक्के आणि त्यापुढील पिढीत 87.5 टक्के होतो, व त्या प्रमाणात ऊन, गोचीड आणि निकृष्ट चारा सोसण्याची शक्ती घटत जाते. गोऱ्ह्याचे वशिंड दबते, त्यामुळे जू नीट टेकत नाही. मात्र परके रक्त वळूकडूनच येत असल्याने, केवळ मातेकडून उतरणारे मायटोकॉन्ड्रियातील आनुवंशिक द्रव्य पिढ्यान्‌पिढ्या देशीच राहते.

पाव मिलिलिटर रेताच्या त्या बारीक कांडीवर वळूची जात व क्रमांक छापलेला असतो; रेतन झाले की कांडी फेकली जाते आणि वासराची वंशावळही तिच्याबरोबर जाते. दुसरीकडे, कळपातील उत्तम गोऱ्हे औतासाठी खच्ची होतात आणि उरलेसुरले खुरटे गोऱ्हे आखरावरच्या गाई फळवितात. देशी वंशाचा ऱ्हास संकराइतकाच या रीतीनेही झाला आहे.

म्हणून जिवतीच्या पशुपालकांस विनंती एवढीच, की हिरवा चारा, पाणी व पशुवैद्य जवळ असतील तेथेच संकर करावा, कांडीवरचा क्रमांक वहीत उतरून ठेवावा, आणि कळपातला सर्वांत उमदा देशी गोऱ्हा वळू म्हणून राखावा.