गोणी: शब्द तोच, धागा वेगळा

मराठी मुलखातून कन्नड मुलखात येताना काही शब्द वेशीवर उतरवून ठेवावे लागत नाहीत. ‘गोणी’ हा त्यांतला एक. बंगळुरूच्या यशवंतपूर बाजारात महाराष्ट्रातून कांद्याचे ट्रक येतात, आणि हमालाच्या पाठीवर चढते ती दोन्ही भाषांत गोणीच असते. मी या शहरात राहायला आले तेव्हा कन्नड शिकताना असे सामाईक शब्द वहीत टिपून ठेवत असे. गोणीचे टिपण मात्र वाढतच गेले. शब्द जितका जुना निघाला, तितकी त्याच्या मागची वस्तू बदललेली निघाली.

शब्द किती जुना, तर पाणिनीच्या अष्टाध्यायीत चौथ्या अध्यायात तो आहे आणि तिथेही अर्थ भरण्याचे साधन, पोते हाच आहे. इंग्रजांनी तो इथूनच उचलून त्याची ‘गनी बॅग’ केली. आज प्लास्टिकला पर्याय म्हणून वनस्पतींच्या धाग्यांच्या वेष्टनाविषयी आपण बोलतो, ते जणू नुकताच लागलेला शोध असल्यासारखे. पण दख्खनचे सगळे धान्य शतकानुशतके अशाच वेष्टनातून फिरले. ते वेष्टन कसे गेले हे पाहिले, तर परत काय आणायचे तेही थोडे स्पष्ट होते.

मराठीत ‘ताग’ या नावाने आपण दोन वेगळ्या वनस्पती ओळखतो. एक बंगालचा, ज्याला व्यापारात ज्यूट म्हणतात. दुसरा आपला, पिवळ्या फुलांचा, ज्याच्या वाळलेल्या शेंगा हलवल्या की खुळखुळतात. दक्षिणेतली जुनी गोणी या दुसऱ्या तागाची. त्याला तेलुगूत जनुम म्हणतात, आणि त्यावरून ‘जनप्पन’ हे गोणी करणाऱ्या जातीचेच नाव पडले. म्हैसूर मुलखात गोणी विणणाऱ्यांना ‘गोणिग’ म्हणत. 1909 साली प्रसिद्ध झालेल्या एडगर थर्स्टनच्या ग्रंथात या दोन्ही जातींच्या नोंदी आहेत. काम कष्टाचे आणि वासाचे. तागाच्या पेंढ्या पाण्यात काही दिवस कुजवायच्या, साल सोलून धुवायची, वाळवायची, कातायची आणि मग त्याचे जाडेभरडे तरट विणायचे. तळ्याचे पाणी त्याने नासे. जुने ते सगळे निर्मळ होते, असे म्हणण्याचे कारण नाही.

1638 पासून शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या या शहराच्या जुन्या पेठा मालाच्या नावाने ओळखल्या जातात: अक्कीपेठ तांदळाची, रागीपेठ नाचणीची, अरळेपेठ कापसाची. 1800 साली फ्रान्सिस ब्यूकॅनन इथे आला, तेव्हा त्याने शहराचा व्यापार बैलांच्या ओझ्यांत मोजून लिहिला. ओझे म्हणजे बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारी गोणी. त्याआधी नऊ वर्षे याच वाहतुकीने एका युद्धाला वळण दिले होते. मार्च 1791 मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने टिपूकडून बंगळुरू घेतले आणि तो श्रीरंगपट्टणावर चालून गेला. मे महिन्यात धान्य संपले, बैल मेले, जड तोफा आपल्याच हाताने निकामी करून त्याला माघारी फिरावे लागले. मेलुकोट्याजवळ त्याला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा भेटल्या. मराठ्यांच्या छावणीबरोबर चालणारा भरलेला बाजार पाहून उपाशी इंग्रज फौजेच्या जिवात जीव आला. तो बाजार बैलांच्या पाठीवरून आला होता. अशा तांड्यात गोणी ही मालाबरोबर देऊन टाकायची वस्तू नसते. माल उतरला की ती त्याच बैलावर परत निघते, फाटली की शिवली जाते.

ही गोणी प्लास्टिकने हटवली नाही. तिला हटवले ते ज्यूटने. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात व्हेल माशाचे तेल लावून ज्यूट मऊ करण्याची आणि यंत्रावर कातण्याची युक्ती 1830 च्या दशकात साधली. क्रिमियाच्या युद्धात रशियाचा अंबाडीसारखा धागा मिळेनासा झाला आणि ज्यूटला मागणी आली. 1855 साली हुगळीकाठी रिश्रा इथे पहिली गिरणी उभी राहिली. 1864 मध्ये बंगळुरूला रेल्वे आली. गिरणीचे एकसारखे, स्वस्त पोते शेकडो कोस दुरून येऊ लागल्यावर हातमागावरच्या गोणीला बाजारात जागा उरली नाही. जवळच्या शेतातला धागा आणि जवळच्या माणसाची मजुरी तेव्हाच गेली. आज आपण ज्याला परंपरा समजतो ते ज्यूटचे पोते हा या बदलाचा पहिला टप्पा आहे.

तरीही ज्यूटने एक गोष्ट राखली, परतफेर. व्यापाऱ्यांच्या भाषेत ते ‘बारदान’. वजनातून ते वजा होते आणि हिशेबात त्याची किंमत लागते. जुन्या बारदानाचे व्यापारी पोती प्रतवार लावत, दाभण-सुतळीने शिवून घेत आणि पुन्हा विकत. पोते अगदीच खचले की त्याचे गोणपाट होई. पावसात शेतकऱ्याच्या डोक्यावर त्याची खोळ असे, गोठ्यात गाईच्या पाठीवर ते असे. बंगळुरूत तर आजही नव्या इमारतीच्या खांबांना ओले गोणपाट गुंडाळलेले दिसते, काँक्रीट हळूहळू वाळावे म्हणून.

दुसरा बदल पॉलिप्रॉपिलीनचा. प्लास्टिकच्या पट्ट्या विणून केलेले पोते हलके, स्वस्त आणि पाण्याला न भिणारे. धान्यासाठीचे 50 किलोचे ज्यूटचे पोते 580 ग्रॅमचे असते. प्लास्टिकचे त्याच्या साधारण पाव वजनाचे. गिरण्या आणि ज्यूटचे शेतकरी तगावेत म्हणून 1987 मध्ये संसदेने काही मालासाठी ज्यूटचे पोते सक्तीचे केले. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. पण पुढे सिमेंट आणि खत त्यातून वगळले गेले, साखरेचा वाटा 20 टक्क्यांवर आला. धान्य तेवढे पूर्ण राहिले, तेही मुख्यतः सरकारी खरेदीचे. बाकीच्या बाजारात प्लास्टिकचे पोते आले आणि त्याने नावही घेतले. आज त्यालाही गोणीच म्हणतात. ते उन्हात राहिले की पट्ट्या सुटतात, तुकडे होतात आणि मातीत मिसळल्यासारखे दिसतात, मिसळत मात्र नाहीत. त्याला शिवत बसणे परवडत नाही, कारण नवेच स्वस्त पडते.

मार्च 2016 मध्ये कर्नाटकाने प्लास्टिकच्या पिशव्या, ताटल्या, पेले यांवर बंदी घातली. महाराष्ट्राने 2018 मध्ये. बंगळुरूच्या दुकानांत त्यानंतर कापडासारख्या पिशव्या आल्या. त्यांतल्या कित्येक विणलेल्या नसतातच. त्या पॉलिप्रॉपिलीनच्याच, फक्त स्पर्श कापडाचा. गोणीने नाव राखून धागा बदलला होता. इथे रूप राखून धागा बदलला. लग्नाच्या जेवणात पोफळीच्या पानाच्या, उसाच्या चिपाडाच्या ताटल्या आल्या, हे चांगलेच झाले. पण त्याही एकदा वापरून टाकायच्या. टाकण्याची सवय प्लास्टिकने लावली आणि आता वनस्पतींकडून आपण तीच पुरवून घेतो आहोत.

धागा नैसर्गिक असला म्हणजे काम झाले असेही नाही, हे कॉफीने शिकवले. भारताची सुमारे 70 टक्के कॉफी कर्नाटकात पिकते आणि ती परदेशी जाते ती बहुतांशी 60 किलोच्या ज्यूटच्या पोत्यांतून. गिरण्या धागा मऊ करायला खनिज तेल वापरत आणि त्याचा अंश मालात उतरे. म्हणून 1998 मध्ये कॉफी-कोकोच्या पोत्यांसाठी वनस्पती तेलाचे आंतरराष्ट्रीय मानक आले. चांगल्या वस्तूचीही अशी झडती घ्यावी लागते.

आपला पिवळ्या फुलांचा ताग आजही महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पेरला जातो, पण फुलोऱ्याच्या सुमारास नांगराखाली गाडून टाकण्यासाठी, हिरवळीचे खत म्हणून. जमिनीला ते हवेच आहे. त्यातले चार वाफे धाग्यासाठी राखता येतील का, हा प्रश्न शेतीशास्त्राचा आहे तितकाच बाजाराचा. कारण महाग पडणारे पोते एकदाच वापरून टाकले तर ते प्लास्टिकपुढे कधीच टिकणार नाही. ते टिकेल ते फक्त वीस खेपा केल्या तर. त्यासाठी बारदानाचा जुना हिशेब पुन्हा मांडावा लागेल: पोत्याची किंमत मालापासून वेगळी लावायची, ते परत आणणाऱ्याला पैसे द्यायचे आणि दाभण चालवणाऱ्या हाताला मजुरी. हे सगळे आपल्या बाजारांना येत होते. ते करणारी माणसे जुन्या बारदानाच्या दुकानांत अजून थोडी उरली आहेत, तोवर त्यांना विचारून घेतलेले बरे.